कुंडलिका खाडी
रायगड जिल्ह्यातील, लहान होडीतून निसर्गनिरीक्षण करण्याजोगी खाडी. सह्याद्रीत उगम पावणारी कुंडलिका नदी कोलाड व रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून (१९२७) या नदीत उतरते. एरवी बंगालच्या उपसागराकडे गेले असते असे मुळा नदीचे हे पाणी पश्चिमेला वळल्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहती राहते. कोलाडचे राफ्टिंगही त्याच्याच जोरावर चालते.

रोह्याच्या खाली भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो. होडी भरतीबरोबर आत न्यावी. निरीक्षणाला मात्र ओहोटीची सुरुवात उत्तम. उघड्या पडणाऱ्या चिखलात निवट्या उड्या मारतात, खेकडे बिळांबाहेर येतात आणि त्यांच्यामागे बगळे, तुतवार उतरतात. तिवरांच्या फांद्यांवर खंड्या टपलेला असतो. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्ष्यांची भर पडते. दक्षिणेकडील डोंगरांत शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले फणसाड अभयारण्य (१९८६) आहे. पेणच्या बाजूस अंबा नदीची धरमतर खाडीही अशीच कांदळवनांची आहे.

रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत असल्याने सांडपाण्यावर कडक देखरेख अत्यावश्यक आहे. मासळी आणि पक्षी दोन्ही याच पाण्यावर जगतात.