फोर्डच्या दोन गाड्या

१९०८ साली डेट्रॉईटच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे इंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचे, वेग ताशी ४०-४५ मैलांच्या पलीकडे न जाणारा आणि पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवरच काम करणारा असला, तरी अमेरिकेच्या चिखलमय मुलुखात सामान्य शेतकऱ्याच्या दारी मोटार आणली ती तिनेच, हे कोणत्याही तुलनेच्या आरंभी नमूद केले पाहिजे. तिच्या उणिवाही विलक्षण होत्या. पेट्रोलची टाकी आसनाखाली असून इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरत असल्यामुळे, टाकीतले पेट्रोल उणे झाले की उभ्या चढावर इंजिन बंद पडे आणि चालकाला गाडी फिरवून रिव्हर्समध्ये, पाठमोरी, डोंगर चढवण्याची तजवीज करावी लागे. १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये टाकी चालकासमोर, कार्बुरेटरहून उंच बसवल्याने ही अडचण दूर झाली, शिवाय शक्ती दुप्पट, म्हणजे ४० अश्वशक्ती, वेग ताशी ६५ मैलांपर्यंत आणि ब्रेक चारही चाकांना. यंत्र म्हणून ‘ए’ निःसंशय श्रेष्ठ. परंतु दीड कोटींहून अधिक संख्येने निघून एका राष्ट्राचे दैनंदिन जीवन पालटणारी ‘टी’च, माझ्या मते, इतिहासात अग्रमानाची अधिकारी आहे.