संकटकाळीं हॉटेलचा सेवकवर्ग

धंदा भरभराटींत असतां मालकाची व सेवकांची परीक्षा होत नाहीं. ती संकटकाळीं होते. मुंबईंत १९०३ सालीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलवर २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहशतवाद्यांनीं हल्ला केला. बाहेर पडण्याच्या वाटा ठाऊक असूनहि अनेक सेवक पाहुण्यांपाशीं राहिले. कित्येकांनीं प्राण वेंचले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुलें मृत्युमुखीं पडलीं, तरी ते कर्तव्यावरून हलले नाहींत. पुढें हॉटेल बंद असतांहि सेवकांचें वेतन चालूं राहिलें. पीडितांसाठीं त्याच डिसेंबरांत विश्वस्तनिधि स्थापन झाला. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुन्हां उघडली. भिंती पैशानें उभारतां येतात. निष्ठा मात्र सुखाच्या दिवसांतील न्याय्य वागणुकींतूनच रुजते.