खलाशाचं शिक्षण आणि घाटावरचा सारंग

वटारला माझा एक जुना मित्र राहतो. पानवेलीची आणि केळीची वाडी, राजोडीचा किनारा चालत जाण्याइतका जवळ. त्याचा पुतण्या दहावी होऊन दोन वर्षं वाडीतच हातभार लावत होता. जानेवारीत दोघे माझ्याकडे आले ते एक रंगीत पत्रक घेऊन. ‘मर्चंट नेव्हीत भरती. दहावी पास. नोकरीची हमी.’ खाली पांढऱ्या गणवेशातला हसरा मुलगा आणि त्याच्यामागे भलंमोठं जहाज. सुरक्षा प्रशिक्षण, कागदपत्रं आणि नोकरी मिळून साडेतीन लाख रुपये. अर्धे आता, अर्धे जहाजावर चढताना.

“अंकल, तुम्ही खलाशांवर लिहिता ना?” मुलगा म्हणाला. “ही शाळा चांगली आहे का तेवढं सांगा.”

त्या शाळेचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होतो. पण ‘अर्धे आता, अर्धे चढताना’ हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मुंबई बंदरात शंभर वर्षांपूर्वी हाच व्यवहार चालायचा, फक्त पत्रक छापलेलं नसायचं.

आपल्या कोकणी मुसलमानांना दर्यावर्दी असण्याचा मोठा अभिमान. आडनावंच बघा : सारंग, तांडेल, नाखवा, नाखुदा. सारंग फारसीतल्या ‘सरहंग’वरून आला, नाखुदा म्हणजे नावेचा धनी. जहाजावरच्या मेटला जुने खलाशी ‘मालम’ म्हणत. तो शब्द अरबी ‘मुअल्लिम’वरून आला, म्हणजे शिक्षक. रस्ता दाखवणारा तोच शिकवणारा, असा हिशेब. पण आगबोटींचं युग आलं आणि मालमची जागा गोऱ्या अधिकाऱ्याने घेतली. बाणकोट, हर्णै, दाभोळच्या खाड्यांवरची आपली माणसं डेकवर खलाशी म्हणून राहिली. त्यांना ‘लास्कर’ म्हणत आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा असे.

या खलाशाला जहाज मिळवून द्यायचा तो घाट-सारंग किंवा दलाल. खलाशी गावाहून मुंबईला आला की महिनोन्‌महिने काम नसायचं. राहायला खोली, खायला उधारी, घरी पाठवायला चार पैसे, सगळं दलालाकडून. मग जहाज मिळालं की पहिला आगाऊ पगार त्याच्या हातात. वर नाव लागावं म्हणून सारंगाला वेगळं द्यायचं. जहाजावरून परत येईपर्यंत कर्ज जेमतेम फिटायचं आणि पुढच्या जहाजासाठी नवं सुरू व्हायचं. 1920 मध्ये जिनोव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठराव केला की खलाशाला नोकरी मिळवून देण्याचा धंदा नफ्यासाठी करता येणार नाही. 1922 मध्ये भारत सरकारने नेमलेल्या क्लाऊ समितीनेही दलाल हटवून सरकारी भरती कचेरी काढा, असं सांगितलं. मुंबईत अशी कचेरी निघायला स्वातंत्र्यानंतरचं 1950 चं दशक उजाडलं.

सारंगाला नुसता खलनायक करूनही चालणार नाही. मुलाला दोरखंडाच्या गाठी, सुकाणू, रंगकाम, पाळी धरणं हे सगळं तोच शिकवायचा. त्याच्याशिवाय दुसरी शाळाच नव्हती. जहाजावरची बोलीही तोंडीच शिकायची. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी, इंग्रजी यांची ती खिचडी साहेबांना कळावी म्हणून थॉमस रोबकने 1811 मध्ये चक्क कोश छापला. म्हणजे साहेबाला खलाशाची भाषा शिकायला पुस्तक होतं. खलाशाला बुडत्या जहाजावर काय करायचं ते शिकायला मात्र काही नव्हतं. सारंग शिकवायचा ते काम. जीव कसा वाचवायचा हे कवायतीने शिकावं लागतं, आणि कवायत घेणं ही कप्तानाची, कंपनीची जबाबदारी होती.

ती कितपत पाळली जायची, हे 20 मे 1922 ला दिसलं. लंडनहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन वीसेक मिनिटांत बुडाली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बोटीवरचे कामगार. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी लगेच निकाल दिला : हिंदी खलाशी घाबरले, होड्यांवर तुटून पडले. चौकशी झाली तेव्हा ठपका आला कप्तान आणि चीफ ऑफिसरवर. होड्या उतरवण्याची कवायत नीट घेतलेलीच नव्हती. पण डाग राहिला तो खलाशांवर. बोटीवर मुंबईसाठीचं सोनं-चांदी होतं. ते पुढे इटालियन पाणबुड्यांनी वर काढलं आणि आज ‘इजिप्त’ म्हटलं की लोकांना सोनंच आठवतं.

एखाद्याला शिकवायचं नाही आणि मग त्याला येत नाही म्हणून त्याच्या जातीला, धर्माला नावं ठेवायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. म्हणून मला न्हाव्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. पनवेलच्या खाडीवरच्या न्हाव्याला 1910 साली सर महंमद युसूफ या जहाजमालकाने दर्यावर्दी शिक्षणाची शाळा काढली. तीच आजची ‘ट्रेनिंग शिप रहमान’. डफरिन जहाजावरची सरकारी शाळा मुंबई बंदरात 1927 मध्ये आली, म्हणजे न्हाव्यानंतर सतरा वर्षांनी. तीही अधिकारी घडवण्यासाठी, इंग्रजी शिकलेल्या घरच्या मुलांसाठी. याच महंमद युसूफांनी 1914 मध्ये सरकारला दिलेल्या आठ लाखांतून 1930 मध्ये जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ कॉलेज उभं राहिलं. ते कॉलेज आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. न्हावा विचारा, दहातले नऊ जण जेएनपीटीचा रस्ता सांगतील.

स्वातंत्र्यानंतर सरकारने खलाशांसाठीही शिक्षणाची जहाजं काढली : कलकत्त्याला ‘भद्रा’, विशाखापट्टणमला ‘मेखला’, गुजरातेत ‘नौलक्षी’. खलाशाला जहाजावर पाठवण्याआधी शिकवलं पाहिजे, हे सरकारने मान्य केलं ते इतक्या उशिरा.

तोवर ‘रामदास’ बुडून गेली होती. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या, रमजान दोन-तीन दिवसांवर. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला बातमी कळली ती दुपारी, वाचलेल्यांकडून. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी पाण्यात टाकून माणसं वर घेतली. आमच्याकडे अजून जुनी माणसं पावसाळ्यात लाँचमध्ये बसताना रामदासचं नाव घेतात.

1978 मध्ये लंडनला करार झाला, एसटीसीडब्ल्यू. जगातल्या कुठल्याही जहाजावर पाऊल ठेवायचं तर किमान काय यायला हवं, ते त्यात ठरलं. 1995 आणि 2010 च्या सुधारणांनी तो कडक झाला. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावर सुरक्षित वागणं-राहणं हे चार मूळ कोर्स त्यातूनच आले. पुढे जहाजाच्या सुरक्षिततेचा पाचवा आला. प्रत्येक कोर्स दोन-तीन दिवसांचा. पत्रकातलं ‘सुरक्षा प्रशिक्षण’ म्हणजे हेच.

हे कोर्स वरवरचे वाटतात, म्हणून मी मुलाला 2021 चा मे महिना आठवून दिला. तौक्ते वादळ. तेव्हा ‘गल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज वाहत येऊन आपल्या पालघरच्या किनाऱ्याजवळच अडकला. त्यावरचे सगळे 137 वाचले. पण बॉम्बे हायजवळ ‘पी-305’ बुडाला. त्यावर 261 माणसं, ‘वरप्रदा’ टगवर 13. मिळून 274 पैकी 86 गेली. बार्जवर वेल्डर होते, फिटर होते. समुद्रावर असूनही खलाशी नसलेली माणसं. वाचले ते बहुतेक लाइफ जॅकेट घालून रात्रभर लाटांत तरंगत राहिले. उडी कशी मारायची, पाय पोटाशी घेऊन ऊब कशी राखायची, एकमेकांना धरून गोल कसा करायचा, उलटलेला लाइफ राफ्ट सरळ कसा करायचा, हे त्या दोन-तीन दिवसांत शिकवतात. मात्र ते पाण्यात उतरून शिकवलं तरच. पडद्यावर दाखवून हाती दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे ‘इजिप्त’वरची न झालेली कवायत.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा आधी तलाव कुठे आहे ते विचारा, असं मी त्यांना सांगितलं. मग आग विझवण्याची जागा, दाविटवर टांगलेली खरी होडी. भाड्याने दुसरीकडे नेणार असतील तर तिथे जाऊन बघा. नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त यादीत शाळेचं नाव आहे का आणि नेमक्या कुठल्या कोर्ससाठी आहे, ते घरी बसून तपासता येतं. इथेच बहुतेक फसतात. मूळ सुरक्षा कोर्सची मान्यता असलेली शाळा ‘डेक रेटिंग’ घडवू शकतेच असं नाही. खलाशी व्हायचा सरळ रस्ता म्हणजे सहा महिन्यांचा निवासी जीपी रेटिंग कोर्स आणि शेवटी बाहेरच्या मंडळाची परीक्षा. नुसते चार-पाच छोटे कोर्स करून हाती पुस्तिका आली, तरी जहाज कंपन्या सहसा उभं करत नाहीत. मग असली मुलं बिगरपरवाना एजंटच्या हाती लागतात आणि कुठल्या तरी परदेशी बंदरात, मालकाने सोडून दिलेल्या जहाजावर बिनपगारी अडकतात. 2024 मध्ये अशा अडकलेल्यांत जगात सर्वांत जास्त भारतीय होते.

आणि नोकरीचे पैसे? भारताने 2015 मध्ये सागरी कामगार करार स्वीकारला. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा परवाना हवा आणि नोकरी देण्यासाठी त्याने खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. शाळेची फी वेगळी, तिची पावती मागा. ‘चढताना’ द्यायचा अर्धा भाग घाट-सारंगाचा आहे. जिनोव्हाच्या ठरावाला शंभर वर्षं उलटली आणि सारंगाने फक्त एसी ऑफिस घेतलंय.

मित्राचा पुतण्या आणि मित्र त्या ऑफिसात जाऊन आले. दुसरा मजला, दोन खोल्या. तलावाचं विचारल्यावर “ते नंतर बघू, आधी सीट बुक करा” असं उत्तर मिळालं. त्यांनी पैसे दिले नाहीत.

वाढवणच्या बंदराचं बोलणं आता आमच्या भागात रोज निघतं. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्याला कारणंही आहेत, त्यावर वेगळं लिहीन. पण त्या बंदराचं नाव घेऊन असली पत्रकं अर्नाळ्यापासून डहाणूपर्यंत वाटली जाणार, एवढं दिसतंय.

मुलाने मार्चमध्ये डोळे तपासून घेतले. रंग नीट ओळखतो, डेकसाठी ते लागतंच. मग मी दहावीची गुणपत्रिका मागितली. जीपी रेटिंगला दहावीत किंवा बारावीत इंग्रजीला चाळीस टक्के लागतात. त्याला छत्तीस होते. साडेतीन लाख मागणाऱ्याने ती गुणपत्रिका एकदाही बघितली नव्हती. आता त्याने बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय आणि संध्याकाळी नंदाखालच्या एका निवृत्त बाईंकडे इंग्रजी शिकायला जातो.