एका विदूषकाची फिरती

फिरतीची नोकरी करणाऱ्या माणसास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. बदलीचा हुकूम आला, की दप्तर त्या त्या कचेरीत राहते, खुर्चीवर दुसरा येऊन बसतो आणि पुढच्या गावी आपल्याबरोबर येते ती केवळ अंगी मुरलेली कामाची रीत. मात्र आपण सोडून आलो ती कचेरी मागे उभी असते, एवढा दिलासा असतो. ज्याच्या आयुष्यात मुक्काम हलला, की मागची कचेरीच मोडून पडे, अशा एका नटाची ही हकीकत आहे. त्याचे नाव बर्ट लार. अमेरिकेतील हलक्यासलक्या समजल्या जाणाऱ्या रंगमंचावर तो विदूषक म्हणून वाढला, ब्रॉडवेच्या संगीतिकांत नावारूपास आला, बोलपटातील एका सिंहामुळे जगभर ओळखला गेला, आणि साठी गाठल्यावर, ज्या नाटकापुढे भलेभले पंडित गोंधळले, त्या नाटकात उभा राहिला.

ज्या कचेरीतून तो निघाला, तिचे नाव व्होडव्हिल. एका तिकिटात आठ-नऊ खेळ, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असे त्याचे स्वरूप होते. कसरत, गाणे, नाच, जादू, शिकवलेली कुत्री, एखादा छोटा नाट्यप्रवेश आणि विनोदी जोडी, असे सर्व एकापाठोपाठ एक येई. १८८१ मध्ये टोनी पास्टर याने न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर सहकुटुंब पाहता येईल असा स्वच्छ खेळ सुरू केला. पुढे कीथ व आल्बी या जोडीने गावोगावच्या नाट्यगृहांची साखळी उभारून त्याचा मोठा व्यापार केला. रंगपटात भिंतीवर सूचना लावलेल्या असत, आणि कोणते शब्द उच्चारल्यास नटास काढून टाकण्यात येईल, हे त्यांत बजावलेले असे. खेळांचा क्रमही शास्त्रशुद्ध होता. प्रेक्षक अद्याप खुर्च्या शोधीत असत, म्हणून पहिला खेळ बहुधा कसरतीचा, शब्दांवाचून चालणारा. शेवटच्या खेळाला लोक उठू लागत. शेवटून दुसरी जागा खरी मानाची, आणि ती मिळावी म्हणून नट वर्षानुवर्षे झुरत.

या व्यवस्थेत विनोदी नटाच्या वाट्यास मोजकी मिनिटे येत. तेवढ्यात अनोळखी गावातील अनोळखी माणसांना हसवावयाचे, दुसऱ्या आठवड्यात दुसरे गाव गाठावयाचे आणि तोच प्रवेश पुन्हा करावयाचा. संहिता अशी जवळजवळ नसेच. आपल्या तमाशातील सोंगाड्याची बतावणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस याची कल्पना चटकन येईल. कथासूत्र चार ओळींचे. बाकी सर्व नटाच्या डोळ्यांत, आवाजात आणि नेमक्या क्षणी थांबण्यात. प्रेक्षक कोठे हसले आणि कोठे गप्प राहिले, हेच त्याचे दप्तर, आणि ते त्याच्या शरीरातच साठविलेले असे.

बर्ट लारचे मूळ नाव आयर्व्हिंग लारहाइम. १३ ऑगस्ट १८९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका जर्मन-ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील गाद्या-खुर्च्या मढविण्याचा धंदा करीत. अभ्यासात चित्त नसलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून पोरांच्या एका व्होडव्हिल पथकात सामील झाला. पुढे तो बर्लेस्कमध्ये गेला. बर्लेस्क म्हटले, की आज केवळ वस्त्रे उतरविण्याचा खेळ डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या काळी ती विनोदी नटांची मोठी पाठशाळा होती. तेथे 'डच' नावाचे एक सोंग प्रचलित होते, आणि त्या सोंगातील माणूस हॉलंडचा नसून मोडकेतोडके इंग्रजी बोलणारा जर्मन असे. लारने सुरुवातीस तेच सोंग घेतले. घरी नित्य कानी पडणारे बोलणे त्याने रंगमंचावर नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याचे नाव झाले ते मर्सिडीज डेलपिनो हिच्यासह केलेल्या एका प्रवेशाने. ती नर्तकी आणि हा तिला पकडावयास आलेला झिंगलेला पोलीस. कायद्याचा रखवालदार स्वतःच्या पायांवर धड उभा राहू शकत नाही, एवढीच त्यातील गंमत. परंतु तो पोलीस धमकावण्यासाठी छाती पुढे काढी आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा सारा डौल गळून पडे. चेहऱ्याच्या सुरकुत्या एकदम गोळा होत आणि घशातून एक विचित्र, अनुनासिक हेल निघे. ऐट आणि भय यांचा हा लपंडाव लारला तेव्हा जो गवसला, तो त्याने जन्मभर सोडला नाही.

१९२७ मध्ये तो ब्रॉडवेवर आला आणि १९२८ च्या 'होल्ड एव्हरीथिंग' या मुष्टियोद्ध्यांवरील संगीतिकेने त्याला प्रथम दर्जाचा नट केले. ही संगीतिका चारशेहून अधिक प्रयोग चालली. नेमक्या याच सुमारास त्याची जुनी कचेरी कोसळू लागली. १९२७ मध्ये बोलपट बोलू लागला आणि गावोगावच्या नाट्यगृहांच्या मालकांस साधा हिशेब दिसला: आठ-नऊ खेळांच्या मंडळींचे पगार व प्रवासखर्च देण्यापेक्षा डब्यातून येणारी फिल्म स्वस्त. १९२८ मध्ये कीथ-आल्बीची साखळी 'आर. के. ओ.' या चित्रपट कंपनीत विलीन झाली. त्या नावातील 'के' हे अक्षर म्हणजे कीथची आठवण. १९१३ मध्ये उघडलेले न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर हे तर व्होडव्हिलचे काशीक्षेत्र. १९३२ च्या नोव्हेंबरात तेही चित्रपटास शरण गेले.

लारचे नशीब असे, की घर जळण्यापूर्वी तो बाहेर पडला होता. तथापि नव्या घराने त्यास सहजासहजी आत घेतले नाही. 'होल्ड एव्हरीथिंग'चा बोलपट १९३० मध्ये निघाला आणि त्यात त्याची भूमिका जो ई. ब्राउन या नटास देण्यात आली. आपली लकब, आपले हेल उचलले गेले, अशी लारने 'व्हरायटी' या नाट्यव्यवसायाच्या पत्रातून जाहीर तक्रार केली. तक्रारीस दाद मिळण्यासारखी नव्हती. कवीची ओळ चोरली तर छापील पुस्तक पुढे करता येते. विदूषकाचे थांबणे, दचकणे, आवंढा गिळणे कोणत्या नोंदवहीत असते? पुढे १९३९ च्या 'दुबारी वॉज अ लेडी' या कोल पोर्टरच्या संगीतिकेत एथेल मर्मनसमवेत लारने मोठे यश मिळविले. १९४३ मध्ये तिचा चित्रपट निघाला तेव्हा त्याची भूमिका रेड स्केल्टनने केली. बीज पेरणारा एक आणि पीक चित्रित होणार दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार दोनदा घडला.

या दोन प्रसंगांच्या मधोमध मात्र एक भूमिका अशी आली, की ती दुसऱ्या कोणास देणे शक्यच नव्हते. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'मधील भित्रा सिंह. ही गाणी रचणारे हॅरल्ड आर्लेन आणि यिप हारबर्ग यांनी पूर्वी रंगभूमीवर लारसाठी गाणी केली होती. त्याचा कंठ गंभीर गायकाचा आव आणून कोठे फजीत पावतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. खऱ्या सिंहाच्या कातड्याचा, सुमारे चाळीस किलो वजनाचा पोशाख अंगावर चढवून रंगीत चित्रीकरणाच्या प्रखर दिव्यांखाली लार उभा राही. तो सिंह प्रथम गर्जत येतो, आणि एका चापटीसरशी रडू लागतो. नीट पाहिले तर हा तोच झिंगलेला पोलीस! वर्दीच्या जागी आयाळ आली, एवढाच फरक. जी रीत बर्लेस्कच्या धुरकट नाट्यगृहांत घडली होती, ती या चित्रपटामुळे कायमची टिकून राहिली.

परंतु चित्रपटसृष्टीत सिंहाच्या भूमिका त्या किती असणार? लार पुन्हा न्यूयॉर्कला परतला. १९४६ मध्ये 'बर्लेस्क' या जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवनात त्याने एका बर्लेस्क नटाचीच भूमिका केली, आणि या विदूषकात गंभीर नटही दडलेला आहे, हे जाणकारांच्या ध्यानी आले.

खरी कसोटी १९५६ मध्ये आली. सॅम्युएल बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' तीन वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आले होते. दोन भटके एका झाडाखाली कोणा गोदोची वाट पाहतात आणि गोदो येत नाही, एवढेच त्याचे कथानक. अमेरिकेतील पहिल्या प्रयोगासाठी एस्ट्रागॉनच्या भूमिकेत लार आणि व्लादिमिरच्या भूमिकेत टॉम यूएल यांना घेण्यात आले, आणि जानेवारीत मायामी येथे खेळ लागला. जाहिरात अशी केली गेली, की जणू हा पोट धरून हसविणारा तमाशाच आहे. सुटीवर मौजेखातर आलेले प्रेक्षक मध्यंतरातच उठून गेले. दिग्दर्शक ॲलन श्नायडर आणि लार यांचेही जमले नव्हते. बर्लेस्कच्या जोडीत एक हसविणारा आणि दुसरा त्याला वाक्ये पुरविणारा असतो. हसविणारे आपण आणि व्लादिमिर आपला जोडीदार, असा लारचा हिशेब होता. दिग्दर्शकास तो मान्य नव्हता.

मायामीत एवढी नामुष्की झाल्यावर दुसरा कोणीही नट सन्मानाने घरी बसला असता. लार बसला नाही. एप्रिलमध्ये हर्बर्ट बर्गहॉफच्या दिग्दर्शनाखाली, ई. जी. मार्शलच्या जोडीने, तो त्याच भूमिकेत ब्रॉडवेवर उभा राहिला. प्रयोग साठाच्या आसपासच झाले, परंतु त्याच्या अभिनयाची वाखाणणी झाली. यात आश्चर्य वाटावे असे काही नाही. पडदा उघडतो तेव्हा एस्ट्रागॉन पायात अडकलेला बूट ओढीत असतो. पुढे दोघे टोप्यांची अदलाबदल करीत राहतात. आणि शेवटी गळफासासाठी दोरी म्हणून कमरेची नाडी सोडली, तो पाटलोण घसरून खाली येते. घसरणारी पाटलोण हा बर्लेस्कमधील सर्वांत जुना विनोद. अत्यंत निराशेच्या क्षणी बेकेटने तो वापरला, कारण त्याला विदूषकांचे मनापासून वेड होते. पंडित ज्या नाटकाचा अर्थ ग्रंथांत शोधीत होते, त्यातील अर्धा अर्थ या शाळा सोडलेल्या मुलाच्या अंगात आधीच होता. थोड्या वेळात, अनोळखी माणसांसमोर, काहीही घडत नसता उभे राहावयाचे आणि भीतीवर हसावयाचे, याहून निराळे त्याने आयुष्यात काय केले होते?

त्यानंतरची त्याची भूमिकांची यादी वाचावी म्हणजे मौज वाटते. १९५७ मध्ये फेदोचे प्रहसन, १९६० मध्ये शेक्सपिअरचा बॉटम, १९६४ मध्ये बेन जॉन्सनच्या 'व्होल्पोनी'वर रचलेली संगीतिका 'फॉक्सी', आणि १९६६ मध्ये मिशिगनमधील ग्रीक नाट्यमहोत्सवात ॲरिस्टोफेनिसचे 'पक्षी'. युरोपातील जवळजवळ अडीच हजार वर्षांचे हास्यनाट्य त्याने एका दशकात पालथे घातले. 'फॉक्सी'चे शंभर प्रयोगही झाले नाहीत, तरी त्याबद्दल त्यास टोनी पारितोषिक मिळाले. ज्याला हलका नट म्हणून नावे ठेवली, तोच या मोठ्या परंपरेचा सरळ वारस निघाला. कारण ती परंपराही मुळात पुस्तकांतून चालत आलेली नव्हती.

याच वर्षांत तो दूरचित्रवाणीवर बटाट्याच्या काचऱ्यांच्या जाहिरातीही करीत होता, हेही सांगितले पाहिजे. पोट भरावयाचे होते, आणि प्रेक्षकांचा विसर पडण्याची धास्तीही होती. ज्या १९५६ च्या वसंतात तो गोदोची वाट पाहत होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'विझर्ड ऑफ ऑझ' दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविला गेला, आणि लहान मुलांच्या एका नव्या पिढीस तो भित्रा सिंह भेटला. ती भेट पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

४ डिसेंबर १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये लारचे निधन झाले. तेव्हा 'द नाइट दे रेडेड मिन्स्कीज' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. विषय होता विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील बर्लेस्क, आणि लारची भूमिका होती एका निवृत्त बर्लेस्क नटाची. उरलेले काम दुसऱ्या माणसास पाठमोरा उभा करून कसेबसे पुरे करण्यात आले. १९६८ मध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला.

जेथून तो निघाला, ती नाट्यगृहे तेव्हा उरली नव्हती. म्हणून ती पुन्हा रंगवून उभी करावी लागली, आणि त्या रंगविलेल्या कचेरीतच त्याने आपला अखेरचा चार्ज दिला. घ्यावयास मात्र कोणी नव्हते.