शोधखेळ : संकेताची भाषा आणि सीमाभागातील मुले

लपवून ठेवलेल्या वस्तू दिलेल्या संकेतावरून ठरावीक वेळेत हुडकून काढण्याची स्पर्धा म्हणजे शोधखेळ. दूरचित्रवाणीवरील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘फाइंडर्स कीपर्स’. अमेरिकेतील निकेलोडियन वाहिनीवर १९८७ मध्ये हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची ब्रिटिश आवृत्ती १९९१ ते १९९६ या काळात चालली. ‘आर्ट अटॅक’मुळे परिचित असलेले नील ब्युकॅनन तिचे सूत्रसंचालक होते.

खेळाची रचना

अमेरिकी आवृत्तीत प्रत्येकी दोन मुलांचे दोन संघ असत. आधी गजबजलेल्या चित्रात दडलेल्या आकृती शोधायच्या आणि मग मंचावर उभारलेल्या घराच्या खोल्या धुंडाळायच्या, असा क्रम असे. विजेत्या संघाला अखेरीस ९० सेकंदांत सहा खोल्या पालथ्या घालाव्या लागत. सामानाची उलथापालथ हे प्रेक्षकांचे आकर्षण असले, तरी खेळाचा कणा होता तो कोड्यासारखा संकेत. संकेत उमगला नाही, तर चपळ मूलही व्यर्थ धावते.

बिदर व कलबुर्गीचा संदर्भ

भाषेचे हे महत्त्व सीमाभागात अधिक जाणवते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील बिदर जिल्हा म्हैसूर, मुंबई आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांत विभागला गेला. आजच्या कर्नाटकातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरात मराठी, कारभारात कन्नड आणि बाजारात दखनीही, अशा वातावरणात तेथील मूल वाढते.

कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा, मुलांच्या दूरचित्रवाणीशी फार लवकर जोडला गेला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह शैक्षणिक प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवण्यात आले. कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे निवडले गेले. सकाळचे कार्यक्रम ५ ते १२ वयोगटातील शाळकरी मुलांसाठी असत. कर्नाटकासाठी त्यांची भाषा कन्नड होती. ‘एटीएस-६’ या अमेरिकी उपग्रहामुळे एकाच चित्रासोबत दोन भाषांतील ध्वनी पाठवण्याची सोय झाली होती.

अनुवादाची मर्यादा

माहितीपर पाठाला असा दुसरा ध्वनी जोडता येतो. कोड्याला तो सहज जोडता येत नाही. ‘पान’ हा संकेत घेऊ. मराठी मूल झाडाचे पान, पुस्तकाचे पान किंवा विड्याचे पान असा तिहेरी विचार करील आणि कुंडी, पुस्तक वा बिदरी नक्षीचे पानदान यांपैकी कशाकडेही धावेल. कन्नडमध्ये झाडाच्या पानाला ‘एले’, तर पुस्तकाच्या पानाला ‘पुट’ म्हणतात. शब्द बदलताच मराठी संकेतातील गंमत सांडून जाते.

म्हणूनच सीमाभागातील मुलांसाठी शोधखेळ रचताना तयार संकेतांचा अनुवाद अपुरा ठरतो. तेथील घरांतील वस्तू आणि त्यांची रूढ नावे घेऊन संकेत नव्याने रचावे लागतात. तसे झाले, तर एकाच वस्तूची दोन-तीन नावे ठाऊक असणे ही त्या मुलाची अडचण न राहता खेळातील जमेची बाजू ठरते.