झील धरणाऱ्यांची मराठी

नवीन जालन्यात बसून मी मॉरिशसच्या मराठी माणसांवर का लिहितो, असे मित्र विचारतात. बोलणे थांबल्यावर भाषा कुठे उरते, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडला.

१८३४पासून भारतातले सुमारे साडेचार लाख मजूर गिरमिटावर त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज रोजच्या व्यवहारात क्रिओल बोलतात. तरीही गणेश चतुर्थीला, जी तेथे सार्वजनिक सुट्टी आहे, मराठी मंडळी ढोलकी-झांजांवर फेर धरून ‘झाकरी’ गातात, नाचतात. हा शब्द रत्नागिरीकडच्या जाखडीचाच.

जाखडीची रचना पाहिली की तिच्या टिकाऊपणाचे कारण कळते. एक शाहीर ओळ टाकतो, बाकीचे झील धरतात. झील धरणाऱ्याला सगळे पद पाठ लागत नाही, अर्थही कळायला हवा असे नाही. ताल आणि शेवटचे चार शब्द आले की तो फेरात सामावतो. अर्धवट भाषा येणाऱ्यालाही तिथे मानाची जागा आहे.

याच्याशी टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वसाहतीची तुलना करावीशी वाटते. तेथे १८५०मध्ये गायन मंडळ निघाले आणि १८५३मध्ये अनेक गावांच्या मंडळांचे संमेलन भरले. त्यांच्याजवळ छापील गीतसंग्रह होते, जर्मन वृत्तपत्र होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन भाषेकडे संशयाने पाहिले गेले, तेव्हा अनेक शाळांतून ती गेली. पण त्या भागात गायन मंडळे पुढेही राहिली. गिरमिटिया मराठी मजुराच्या हाती कागद नव्हता. त्याची सारी वही स्मरणात होती.

म्हणूनच धोका वेगळा आहे. झील धरणारे कितीही असोत, ओळ टाकणारा गेला तर झेलायला काही उरत नाही. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, ही मोठी जमेची बाजू. पण पाठ्यपुस्तकातल्या मराठीत आजोबांची पदे आपोआप येत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच: कोकणातल्या आणि मॉरिशसच्या शाहिरांची पदे अर्थासह शेजारी-शेजारी उतरवून घ्यावीत. एका काठावर विसरलेला शब्द दुसऱ्या काठावर कदाचित अजून गायला जात असेल.