दातांवरचं किटण आणि कॅन्सर : एका शोधाचा इतिहास

दात दुखला की आपण लवंग धरतो, हिरडी ठणकली की मशेरी लावतो आणि कामाला लागतो. दाताच्या दुखण्याने कुणी मरत नाही, असं आपणच एकमेकींना सांगतो. आज आम्ही तोंडातल्या जंतूंचा इतिहास सांगणार आहोत. तो ऐकून हे बोलणं पुन्हा तपासून बघा.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याला भिंगं घासायचा नाद. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा. तरीही १६८३ साली त्याने आपल्या दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं, तेव्हा त्यात बारीक जीव वळवळताना दिसले. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची गर्दीच होती.

पुढे १८९० साली बर्लिनमधले दंतवैद्य मिलर यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की दातांत अडकलेल्या अन्नाचं हे जंतू आम्ल करतात आणि त्याने दात किडतो. मग शरीरातला हरएक रोग तोंडातल्या जंतूंच्या माथी मारला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेकांचे चांगले दातही उपटले गेले. पुरावा थोडा आणि घाई फार, म्हणून तो विचार मागे पडला.

तो परत आला २०११ साली. कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत तोंडातला एक जंतू सापडला. त्याचं नाव फ्युजोबॅक्टेरियम. २०१७ साली शांघायच्या संशोधकांनी दाखवलं, की केमोनंतर ज्यांचा कॅन्सर उलटला, त्यांच्या गाठींत हा जंतू जास्त होता. तो कॅन्सरच्या पेशींना औषधाच्या माऱ्यातही तग धरायला मदत करतो. आपल्याकडे नवी मुंबईत, खारघरच्या टाटा मेमोरियल संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी जिभेच्या कॅन्सरच्या गाठींतही तो पाहिला.

मग आपण काय समजायचं? उपटलेल्या दातांची चूक पुन्हा करायची नाही. हा जंतू निरोगी तोंडातही असतो. तो आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असं नाही. त्याला मारायला मनाने गोळ्या आणून खायच्या नाहीत. कॅन्सर एकीकडून दुसरीला लागत नाही, म्हणून आजारी बाईचं ताट वेगळं काढू नका.

मशेरीची गोष्ट मात्र वेगळी. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, याचा पुरावा पक्का आहे. ठणकणाऱ्या हिरडीवर आपण तीच चोळतो. त्या वेळापुरतं बरं वाटतं, पण दुखणं आत वाढत राहतं आणि मशेरीची सवय लागते ती वेगळीच.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर हेही विचारू या : कुणाच्या हिरडीतून रक्त येतं का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा कुणाच्या तोंडात आहे का? असेल तर तिला एकटीला पाठवू नका, तिच्यासोबत दवाखान्यात जा. आणि कुणाची केमो ठरली असेल, तर सुरू होण्याआधी दात दाखवायचे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.